दोन ग्राफिक्स कार्डं पाण्यावर घेताना

माझ्या कॉम्प्युटरमध्ये आरटीएक्स ३०९० ची दोन कार्डं एकाखाली एक बसवलेली आहेत. काम थ्रीडी रेंडरिंगचं. रात्री ब्लेंडरमध्ये रेंडर लावायचं आणि सकाळी उठून किती फ्रेम झाल्या ते मोजायचं. एकच कार्ड होतं तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. दुसरं आलं आणि वरच्याचे हाल सुरू झाले. खालच्या कार्डाची पाठ वरच्याच्या पंख्यांपासून जेमतेम बोटभर लांब. म्हणजे वरच्याने जी हवा ओढायची, ती आधीच भाजून निघालेली. मुख्य चिप ८४ डिग्रीवर जायची, मेमरीचा आकडा ११० ला टेकायचा आणि तिथे पोचलं की कार्ड आपणहून वेग कमी करायचं. पंख्यांचा आवाज असा, की पलीकडच्या खोलीतून धाकटा भाऊ ओरडायचा, "ताई, तो मिक्सर बंद कर!"

शेवटी दोन्ही कार्डं पाण्यावर घेतली, म्हणजे त्यांचे पंखे काढून पाणी फिरवून थंड करायची सोय केली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा का घ्यावी लागली ते पुढे येईलच, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

आधी हे करून बघा

पाण्याच्या नादाला लागण्याआधी कार्डांची वीज कमी करून पाहा. ३०९० ची ठरलेली मर्यादा ३५० वॅट. एनव्हिडिया-एसएमआय (ड्रायव्हरबरोबर येणारी आज्ञा) वापरून किंवा आफ्टरबर्नर ह्या प्रोग्राममधून ती २८० वर आणली, तर रेंडरचा वेळ वाढतो, पण वीज ज्या प्रमाणात कमी होते त्या प्रमाणात नाही. उष्णता मात्र लगेच उतरते. तेवढ्याने तुमचं भागत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, खर्च आणि दोन सुट्ट्या वाचल्या. (एनव्हिडिया-एसएमआयने घातलेली मर्यादा कॉम्प्युटर बंद करून चालू केला की पुसली जाते, ती दर वेळी पुन्हा घालावी लागते.) माझं भागलं नाही. खालचं कार्ड शांत झालं, वरच्याची मेमरी तापतच राहिली.

ती का तापते तेही समजून घ्या, कारण पुढे त्याचाच उपद्रव आहे. ३०९० वर २४ जीबी मेमरीच्या २४ चिप्स आहेत, १२ पुढच्या बाजूला आणि १२ पाठीमागे. पुढच्या चिप्स कूलरला टेकतात. मागच्यांना फक्त पाठीवरच्या पत्र्याचा आधार. म्हणून ह्या कार्डासाठी वॉटर ब्लॉक (चिपवर टेकणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) घेताना पाठीचा पत्राही ब्लॉकच्याच कंपनीचा घ्या, आणि त्या पत्र्यातूनही पाणी फिरवायची सोय असेल तर फारच छान. माझ्याकडे साधा पत्रा आहे. मागच्या मेमरीचा आकडा अजूनही सगळ्यांत चढा असतो, पण ११० च्या जवळपास फिरकत नाही.

दुसरा गैरसमज आत्ताच काढून टाकते. पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही. दोन कार्डं मिळून ६०० वॅट खात असतील तर ६०० वॅटची उष्णता खोलीतच येणार, पंखे असोत की पाणी. पाणी ती चिपपासून उचलून मोठ्या रेडिएटरपर्यंत नेऊन टाकतं, इतकंच. खोली गरम होते म्हणून कोणी वॉटर कूलिंग करत असेल तर त्याने खिडकी उघडावी.

सामान निवडताना

ब्लॉक कार्डाच्या नावावरून घेऊ नका, बोर्डावरून घ्या. ३०९० नावाची कार्डं कितीतरी कंपन्यांनी काढली आणि प्रत्येकीचा बोर्ड वेगळा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डाचा बोर्ड तर आखूड आणि एका टोकाला खाच पाडलेला, त्यावर दुसऱ्या कुठल्याही कार्डाचा ब्लॉक बसणार नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्येही मधल्या काळात बोर्ड बदललेला असतो. कार्डाच्या मागे छापलेला मॉडेल क्रमांक ब्लॉकच्या कंपनीच्या यादीत अक्षर अन् अक्षर जुळवून पाहा. दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असतील तर पुढचं काम अर्ध्यावर येतं, कारण दोन ब्लॉकची तोंडं एका रेषेत येतात आणि त्यांच्यामध्ये तयार जोडपट्टी बसवता येते. कार्डं वेगळी असतील तर तोंडं पुढेमागे होतात आणि मधे नळीचे वाकडेतिकडे तुकडे घालावे लागतात.

रेडिएटरबाबत माझा साधा हिशोब असा, की १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे १०० वॅट धरायचे. पंखे जोरात फिरवले तर त्याच रेडिएटरमधून जास्तही निघतात, पण मग आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला केला? ६०० वॅटला सहा पंखे, म्हणजे ३६० मिलिमीटरचे, तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर. एक कॅबिनेटच्या वर, एक पुढे. प्रोसेसर मी ह्यात घेतलाच नाही. त्याचा हवेवरचा कूलर चांगला चालतो आणि रेंडरमध्ये त्याला फारसं काम नसतं.

सगळं सामान तांब्याचं, पितळेचं किंवा निकेल चढवलेलं असू द्या. एकही वस्तू अॅल्युमिनियमची नको. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक पाकळ्यांमध्ये जाऊन बसतो. स्वस्तातले बरेच रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात, तेव्हा वर्णनात 'तांबे' लिहिलेलं दिसल्याशिवाय घेऊ नका.

नळीसाठी काचेसारख्या कडक नळ्या फोटोत सुंदर दिसतात. मी काळी रबरी ईपीडीएम नळी घेतली, आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. ती धुरकट होत नाही, वाकवली तरी चपटी होत नाही, आणि चूक झाली तर कात्रीने कापून पुन्हा लावता येते. पारदर्शक मऊ नळीतून काही महिन्यांनी पांढरट साका सुटतो, तो कुठे जाणार ते सांगायला नको. फिटिंग (नळी ब्लॉकला आणि रेडिएटरला जोडणारे जोड) नळीच्या ह्याच मापाची घ्या. दुसऱ्या टोकाचे आटे पाव इंची जी मापाचे असतात आणि ते जवळजवळ सगळीकडे सारखेच, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

पंप डी-५ ह्या प्रकारचा. मोठा, शांत, टिकाऊ, वेग कमीजास्त करता येतो. टाकी त्याच्या डोक्यावरच बसवलेली घ्या, म्हणजे पाणी आपल्या वजनाने पंपात उतरतं. माझे बाबा आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. मी पंप हातात दिला तर त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि एकच विचारलं, "कोरडा चालवणार नाहीस ना?" ह्या पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असतं. कोरडा फिरला की त्याचं आयुष्य गेलं.

वीज पुरवठ्याबद्दल दोनच गोष्टी. १२०० वॅटच्या खाली जाऊ नका, कारण ही कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा बरीच वर उसळी मारतात. आणि कार्डाच्या प्रत्येक आठ पिनी जोडाला पुरवठ्यापासून स्वतंत्र वायर द्या, एकाच वायरला फुटलेली दोन तोंडं वापरू नका.

कार्ड उघडणं

ब्लॉक आले तरी लगेच कार्ड खोलू नका. दोन्ही कार्डं आळीपाळीने एकेकटी लावून तासभर ताण देऊन पाहा. नंतर काही बिघडलं तर ते आधीचं होतं की आपल्या हातून झालं, हे कळायला हवं. तेव्हाचे आकडे लिहून ठेवा. विशेषतः मुख्य चिपचा आकडा आणि 'हॉटस्पॉट'चा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यांत तापलेल्या जागेचा, आकडा यांतला फरक. एचडब्ल्यूइन्फो ह्या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही दिसतात.

खोलण्याआधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे जुनी पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) आणि पॅड (तेच काम करणाऱ्या मऊ पट्ट्या) सैल होतात. मग बंद करा, वायर काढा आणि टेबलावर घ्या. एका पुठ्ठ्यावर कार्डाची बाह्यरेषा काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवा. दिसायला बालिश आहे, पण स्क्रू दोन-तीन लांब्यांचे असतात. आखूड जागी लांब स्क्रू घातला तर तो बोर्डाला भोक पाडू शकतो.

सगळे स्क्रू निघाल्यावरही कूलर सुटत नाही. सरळ वर ओढू नका. दोन्ही हातांनी धरून उजवीकडे-डावीकडे किंचित पिळा, चिकटलेली पेस्ट 'चट्' करून सुटते. सुटल्यावर फक्त दोन बोटं वर उचला, कारण आत पंख्यांची आणि दिव्यांची वायर अजून बोर्डाला जोडलेली असते. तिचं टोक वायर धरून उपटायचं नाही, प्लास्टिकच्या कडांना नख लावून हलवत काढायचं.

मग जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिपचा पृष्ठभाग आरशासारखा झाला पाहिजे. मेमरीवर चिकटलेले जुन्या पॅडचे तुकडे नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा, लोखंडी काही वापरू नका. जुने पॅड कुठे किती जाड होते ह्याचा फोटो काढून ठेवा, पण त्या जाडीवर विसंबू नका. ब्लॉकची जाडी वेगळी असते.

अर्धा मिलिमीटर

आता माझी चूक. ब्लॉकबरोबर दोन जाडीचे थर्मल पॅड आले होते, १ मिलिमीटरचे आणि दीड मिलिमीटरचे. कागदावर आकृती होती: मेमरीवर १ चा, विजेच्या भागांवर काही ठिकाणी दीडचा. दोन्हींचा रंग राखाडी, दोन्हींवर निळी फिल्म. पहिल्या कार्डाला मी सगळं नीट लावलं. दुसऱ्या कार्डापर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते. पट्ट्या कापून टेबलावर पसरलेल्या होत्या आणि मी दीडची पट्टी मेमरीवर लावली.

ब्लॉक बसला, स्क्रू आवळले गेले, वरून पाहिलं तर सगळं चोख. पण मेमरीवरचे पॅड अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे ब्लॉक त्या पॅडवर तोलला गेला आणि मधल्या मुख्य चिपवर नीट टेकलाच नाही. मधे राहिला पेस्टचा जाड थर. हे कळलं कधी? सगळा लूप (पंप, ब्लॉक आणि रेडिएटर जोडणारा पाण्याचा फेरा) बांधून, पाणी भरून, हवा काढून, रेंडर लावल्यावर. पहिल्या कार्डाचा हॉटस्पॉट मुख्य आकड्यापेक्षा ११ डिग्रीने वर. दुसऱ्याचा ३१ डिग्रीने. पाणी थंड, पंप चालू, आणि एक चिप आत होरपळते आहे.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे, आणि तुम्हीही लूप बांधण्याआधी ही पायरी टाळू नका. पॅड कापताना एका वेळी एकच जाडी टेबलावर ठेवा, दुसरी कपाटात. व्हर्नियर असेल तर प्रत्येक पट्टी मोजा. फिल्म दोन्ही बाजूंची काढली की नाही तेही पाहा, एका बाजूची राहून जाते. चिपवर पेस्ट पूर्ण पसरवा. उघड्या चिपचा एकही कोपरा कोरडा नको, इथे मधोमध ठिपका टाकून भागत नाही. ब्लॉक वर ठेवा आणि चिपभोवतीचे चार स्क्रू आधी बोटांनीच टेकेपर्यंत फिरवा. मग समोरासमोरचे कोपरे धरून पाव-पाव फेरी आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही.

आणि मग, जिवावर येतं तरी, तो ब्लॉक पुन्हा काढा. चिपवर काय दिसतं ते बघा. नीट टेकलेला असेल तर पेस्टचा थर इतका पातळ झालेला असतो की खालची चिप त्यातून दिसते आणि जादाची पेस्ट चारही कडांना बाहेर आलेली असते. माझ्या दुसऱ्या कार्डावर, नंतर उघडल्यावर, पेस्ट मधोमध जशीच्या तशी जाड होती, वर माझ्याच पट्टीच्या रेघोट्यासुद्धा शाबूत. मेमरीच्या पॅडवरही चिपचा चौकोनी ठसा उमटायला हवा. ठसा नाही म्हणजे पॅड टेकत नाही, आणि पॅड पार चेपून बाहेर आला म्हणजे जास्त जाड आहे. सगळं पटलं की पुसून नवी पेस्ट लावा आणि कायमचा बसवा. कार्डामागे ह्याला वीस मिनिटं जास्त लागतात. मला न केल्याबद्दल अख्खा रविवार लागला.

पाणी कुठून कुठे

'आधी रेडिएटर की आधी कार्ड' यावर लोक तावातावाने भांडतात. हिशोब करून बघा. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला साधारण ४१८६ ज्यूल. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल आणि ६०० वॅट त्यात जात असतील, तर कार्डांत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात फरक तीन डिग्रीहून किंचित कमी. बस्स. काही वेळाने सगळ्या लूपचं पाणी जवळजवळ एकाच तापमानाला येतं. तेव्हा क्रम असा ठेवा, की नळ्या कमीत कमी लागतील आणि कुठेही पिळल्या जाणार नाहीत. फक्त टाकीच्या लगेच खाली पंप, एवढा नियम मोडू नका.

दोन कार्डं एकामागोमाग जोडायची की समांतर, हाही प्रश्न येतो. एकामागोमाग म्हणजे पहिल्यातून निघालेलं सगळं पाणी दुसऱ्यात. समांतर म्हणजे पाणी दोघांत वाटलं जातं. वरच्या हिशोबाने एकामागोमागमध्ये दुसऱ्या कार्डाला दीडेक डिग्री कोमट पाणी मिळतं, ते काही जाणवत नाही. समांतरमध्ये पंपाला अडथळा कमी होतो, पण दोन्ही ब्लॉक सारखेच हवेत, नाहीतर पाणी सोप्या वाटेने जातं. माझे सारखे आहेत, जोडपट्टी समांतर आहे. पट्टी घेताना तुमच्या मदरबोर्डवर दोन कार्डांच्या स्लॉटमध्ये किती अंतर आहे ते मोजून त्याच मापाची घ्या.

पट्टी टेबलावर जोडून मग कार्डं एकदम बोर्डात घालायचा प्रयत्न मी केला आणि हात टेकले. आधी दोन्ही कार्डं स्लॉटमध्ये बसवा, मग पट्टी लावा. तिच्या ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) खाचेतून खाली पडतात, त्यांना डिस्टिल्ड पाण्याचं बोट लावलं की चिकटून राहतात. सगळे स्क्रू सैल लावून, पट्टी सपाट टेकलीय याची खात्री करून मगच आवळा. ब्लॉकच्या आत-बाहेरच्या तोंडांवर खूण असेल तर ती पाळा.

रेडिएटर बसवण्याआधी धुवा. अर्धा भरेल इतकं कोमट डिस्टिल्ड पाणी घाला, तोंडं बंद करा, दोन मिनिटं खळखळून हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या पाण्यात माझ्याकडे काळे कण आणि झाळणाचा चिकट अंश निघाला. पाणी स्वच्छ येईपर्यंत, माझ्या बाबतीत पाच वेळा, हेच करा.

नळी काटकोनात कापा. तिरकी कापलेली नळी फिटिंगच्या टोकाला एका बाजूने टेकतच नाही. फिटिंगचे आटे हातानेच आवळा, पान्हा लावला की ओ-रिंग चेपून फुगते आणि तिथूनच गळते. नळी मोजताना थोडी ढील ठेवा.

आणि कॉक. सगळा लूप बांधून झाल्यावर बाबा खुर्ची ओढून बसले, नळीवरून बोट फिरवत खालपर्यंत आले आणि म्हणाले, "भरणार इथून. काढणार कुठून?" मी म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा. ते 'तेव्हा' चार दिवसांतच आलं. दुसरं कार्ड उघडायला लागलं आणि कॉक नसल्यामुळे मी नळी सोडवून, अंगठ्याने दाबून, कॅबिनेट आडवं करून, टॉवेलवर पाऊण लिटर पाणी काढलं. लूपच्या सगळ्यांत खालच्या जागी एक टी-जोड घाला, त्याला छोटा कॉक, आणि कॉकच्या तोंडाला बूच. दुसऱ्या खेपेला हे मी सगळ्यांत आधी केलं. पाणी काढताना टाकीचं वरचं झाकण उघडायला विसरू नका, नाहीतर आत हवा जात नाही आणि पाणी अडून बसतं.

पाणी घालण्याआधी हवा

गळतीची पहिली परीक्षा हवेने घ्या. दाबमापक लावलेला छोटा हातपंप मिळतो. तो टाकीच्या तोंडाला लावून अर्ध्या बारपर्यंत हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि अर्धा तास काटा बघा. माझा काटा वीस मिनिटांत दिसेल इतका खाली आला. एकेक फिटिंग चाचपत गेले तेव्हा वरच्या रेडिएटरच्या कोपऱ्यातली एक ओ-रिंग मुडपलेली निघाली. पाणी असतं तर ते थेट वरच्या कार्डावर ठिबकलं असतं.

काटा हलला नाही तरच पाणी. साधं नळाचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि जंतुनाशक घालून वापरा किंवा तयार कूलंट घ्या, पण रंग नसलेलं. दुधी, चकचकीत रंगाच्या द्रवात तरंगणारे कण असतात आणि ब्लॉकच्या पाकळ्यांमधल्या फटी एक मिलिमीटरहूनही अरुंद. 'यातून वीज वाहत नाही' असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका. लूपमध्ये फिरून फिरून त्यात धातूचे अंश उतरतातच.

भरताना फक्त पंप चालू हवा. मदरबोर्डचा आणि कार्डांचा एकही वीज जोड लावलेला नको. पुरवठ्याच्या २४ पिनी जोडाला त्याच्यासाठी मिळणारं छोटं टोपण लावलं की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. टोपण नसेल तर, पुरवठ्याचं बटण बंद असताना, १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडतात. टोपण घ्याच, बरं पडतं. जोडांखाली कागदी टिपकागद ठेवा. टाकी भरा, पंप चालू करा, पाणी खाली उतरायला लागलं की लगेच बंद करा, पुन्हा भरा. चालू-बंद, चालू-बंद, टाकीचा तळ कधी उघडा पडू न देता. भावाला मी बटणावर बसवलं होतं आणि मी "बंद!" म्हटलं की तो अर्धा सेकंद उशिरा दाबायचा, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. एकट्याने करत असाल तर बटण हाताशी ठेवा.

पातळी स्थिर झाली की झाकण घट्ट लावून कॅबिनेट पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे तिरपं करा. रेडिएटरच्या कोपऱ्यात दडलेली हवा गुळगुळ आवाज करत टाकीत येते. पंप रात्रभर तसाच चालू ठेवा. सकाळी टिपकागद कोरडा असेल तर वायर जोडा.

चालू झाल्यावर

पंखे कार्डाच्या तापमानावर नाचवू नका, पाण्याच्या तापमानावर चालवा. लूपमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा १० किलो-ओहमचा सेन्सर घाला आणि तो मदरबोर्डच्या दोन पिनी जागेवर जोडा. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे पंख्यांचा आवाज मिनिटामिनिटाला चढउतार करत नाही. माझ्याकडे ३२ डिग्रीपर्यंत मिनिटाला ६०० फेरे, ४० ला हजार, ४५ च्या पुढे पूर्ण वेग. पंप ६५ टक्क्यांवर कायम. पंपाची वेग सांगणारी वायर मदरबोर्डला जोडून, पंप थांबला तर कॉम्प्युटर बंद व्हावा अशी सोय असेल तर चालू करा. पाणी ६० च्या वर कधीच जाता कामा नये, तिथे डी-५ ची मर्यादा संपते.

मर्यादा ३०० वॅटवर ठेवून, खोली २८ डिग्री असताना तीन तासांच्या रेंडरनंतर माझे आकडे: पाणी ३९, दोन्ही कार्डं ५१ आणि ५२, हॉटस्पॉट ६२ आणि ६४, मेमरी ७८ च्या आसपास. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण हॉटस्पॉटचा फरक वीसच्या वर गेला तर पाण्याला दोष देत बसू नका, ब्लॉक उघडा. दोन्ही कार्डांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, हा दोन कार्डांचा एक फायदा.

पहिल्या आठवड्यात टाकीतली पातळी बोटभर उतरते. ती गळती नाही, अडकलेली हवा बाहेर पडते, वर भरून घ्या. त्यानंतरही उतरत राहिली तर मात्र टिपकागद घेऊन शोधायला लागा. जाळ्यांवरची धूळ महिन्याला, कूलंट वर्षाने.

कॅबिनेटच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर कूलंट भरल्याची तारीख, नळीचं माप, दोन्ही कार्डांचे पहिल्या दिवशीचे आकडे आणि लाल पेनाने, दोनदा अधोरेखित: मेमरी १ मिमी, वीज दीड मिमी. खाली भावाच्या अक्षरात: कॉक मागच्या बाजूला, बादली आधी.